एका सुताचा फरक

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे याविषयी आपल्याकडे सल्ल्यांची वाण नाही. कुणी सांगतो, सकाळी टेकडीवर जा. कुणी म्हणतो, आता तरी ज्ञानेश्वरी हातात घ्या. सोसायटीचे चिटणीसपद गळ्यात मारायला तर चार जण टपलेलेच असतात. मी यांतले काहीच केले नाही. ग्रॅच्युइटीच्या पैशांतून साडेएकवीस हजार रुपये मोजले आणि लाकूड कापायचे एक छोटे यंत्र घरी आणले. आठ इंची पात्याचे, दोन माणसांनी सहज उचलावे एवढे. बाजारात त्याला ‘हॉबी टेबल सॉ’ म्हणतात. खोके घरात आले त्या दिवशी सौ.ने एकच प्रश्न विचारला, ‘‘याच्यात नेमकं होणार काय?’’

‘‘लाकूड सरळ कापलं जाणार.’’

‘‘त्यासाठी सुतार नाहीत का?’’

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधण्यात माझी तीन वर्षे गेली. आता ते मिळाले आहे असे वाटते. पण ते मला अपेक्षित होते त्याहून फार वेगळे निघाले. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक सपाट टेबल. त्याच्या मधल्या फटीतून वर डोकावणारे गोल, दातेरी पाते. टेबलाखाली मोटर. पात्याच्या उजवीकडे एक सरकती गाईडपट्टी, जिला फळीची कड टेकवून फळी पुढे ढकलायची, म्हणजे हवी तेवढ्या रुंदीची पट्टी निघते. आडवे कापायचे तर टेबलातल्या खाचेत सरकणारा कोनमापक असतो. एवढेच. हातकरवतीत लाकूड स्थिर असते आणि करवत चालते. इथे करवत जागेवर असते आणि लाकूड चालते. सगळा फरक आणि सगळा धोका याच एका गोष्टीत आहे.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनच्या सॅम्युएल मिलर यांनी १७७७ साली घेतलेल्या पेटंटमध्ये गोल करवतीचा उल्लेख सापडतो. अमेरिकेत या शोधाचे श्रेय टॅबिथा बॅबिट या शेकर पंथातील बाईला देतात. दोन माणसे करवत ओढताना निम्मी ओढ फुकट जाते हे तिने पाहिले आणि १८१३च्या सुमारास चरख्याच्या चाकाला दातेरी पत्रा लावून पाहिला, अशी ती कथा आहे. कथेचा खरेखोटेपणा इतिहासकार पाहतील. पण सूत कातणाऱ्या बाईला हे सुचावे यात नवल नाही. पुढे १९०६ साली जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी सरकत्या टेबलाचे करवतयंत्र बनवले. आज आपल्याकडच्या मोठ्या प्लायवूडच्या दुकानांतून मापाप्रमाणे तुकडे कापून मिळतात, ते याच जातीच्या यंत्रांवर. माझे यंत्र या घराण्यातले शेंडेफळ.

आता माझी ओळख द्यायला हवी, कारण पुढचा घोळ तिच्यातून झाला. मी एकतीस वर्षे पिंपरीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. मायक्रोमीटर हे आमचे हत्यार आणि मायक्रॉन ही आमची भाषा. माणसाच्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्याच्या सातव्या भागासाठी आम्ही माल परत पाठवलेला आहे. तेव्हा यंत्राच्या खोक्यावर ‘अचूक’ हा शब्द छापलेला पाहून मी ते विश्वासाने घेतले.

पहिले काम ठरवले ते वडिलांच्या फोटोच्या चौकटीचे. चाळीस मिलीमीटर रुंदीची सागाची पट्टी. चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्याला पंचेचाळीस अंशांचे दोन काप, एकूण आठ. कोनमापक पंचेचाळीसच्या खुणेवर घट्ट केला आणि आठही काप घेतले. तीन कोपरे जुळले. चौथा जुळेना. तिथे दोन मिलीमीटरची फट आ वासून उभी. भुसा आणि फेव्हिकॉल यांचे मिश्रण भरून ती बुजवली. फोटो आजही भिंतीवर आहे. पाहुण्यांना फट दिसत नाही, मला दुसरे काही दिसत नाही.

हिशेब मांडला तेव्हा चूक सापडली. कोनमापकावरची खूण अवघी पाव अंशाने चुकीची होती. पाव अंश डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण आठ कापांत ती चूक आठ वेळा झाली आणि सगळी मिळून दोन अंश शेवटच्या कोपऱ्याच्या पदरात पडली. छोट्या चुका कुठेतरी विरून जातात अशी आपली समजूत असते. चौकटीत त्या विरत नाहीत, साठतात.

मग मी यंत्राची तपासणी सुरू केली, आणि तपासनीस घरात असला की काय होते ते घरच्यांनी अनुभवले. गाईडपट्टी पुढच्या टोकाला घट्ट होई, पण तिचे मागचे टोक प्रत्येक वेळी मिलीमीटरभर वेगळीकडे बसे. चाळीस मिलीमीटरच्या तीन पट्ट्या तीन वेळा मापे लावून कापल्या, तर एक साडेएकोणचाळीस, एक चाळीस आणि एक जवळजवळ एकेचाळीस! मागचे टोक पात्याकडे झुकले की लाकूड चिमटीत सापडे आणि कड जळून काळी पडे. मी विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘सर, हे हॉबीचं मशीन आहे. एवढं चालायचंच.’’

‘हॉबी’ या शब्दाचा असा उपयोग असतो हे मला तेव्हा कळले.

त्या आठवड्यात शेजारच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचे काम चालू होते. तिथले मिस्त्री चहाच्या वेळी माझ्या गॅलरीत डोकावले. पन्नाशीचे गृहस्थ, कानामागे पेन्सिल. यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘‘मशीन बरंय काका. पण तुम्ही आकडे बघताय. आकडे बघू नका, गुण्या बघा.’’

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे सुताराचे साधे हत्यार. ‘‘आणि गुण्याच चुकीचा असेल तर?’’ मी तपासनिसाचा प्रश्न विचारला. ते हसले. एक फळी घेतली, कडेला गुण्या टेकवून रेघ मारली. मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. ‘‘खरा आहे. खोटा असता तर रेघा फाकल्या असत्या. फाकतील त्याच्या निम्मी चूक.’’ एकतीस वर्षे मी लाखांची उपकरणे वापरली. आणि ही तपासणी एका पेन्सिलीत होत होती.

त्यानंतर मला पाच कापांची पद्धत सापडली. ती इथे मुद्दाम देतो, कारण कुणाच्या घरी असे यंत्र असेल तर त्याचे पैसे तीच वसूल करून देईल. एक चौरस तुकडा घ्यायचा. एक कड कापायची. ती कापलेली कड कोनमापकाला टेकवून पुढची कड कापायची. असे चारही बाजूंनी फिरायचे. पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची बोटभर रुंद पट्टी काढायची आणि तिच्या दोन्ही टोकांची रुंदी मोजायची. जो फरक येईल तो मूळ चुकीच्या चौपट असतो. माझी पट्टी तीनशे मिलीमीटर लांब होती आणि फरक आला २.८ मिलीमीटर, म्हणजे एका कापात ०.७. स्क्रू ढिला केला, कोनमापक केसभर हलवला, पुन्हा पाच काप. चौथ्या प्रयत्नात फरक ०.३वर आला, म्हणजे एका कापातली चूक वहीच्या एका पानाच्या जाडीहून कमी. यंत्र तेच, किंमत तीच. बदलली ती माझी एक दुपार आणि एक चांगले पाते, अठराशे रुपयांचे. गाईडपट्टीचे दुखणे बरे झाले नाही; पण मी दर वेळी तिची पुढची आणि मागची दोन्ही टोके पात्यापासून मोजूनच मोटर चालू करायला शिकलो.

तेव्हा पहिले मत असे, की अशा यंत्रात अचूकपणा विकत मिळत नाही. विकत मिळते ती अचूक होण्याची शक्यता. महागड्या यंत्रात ती शक्यता कारखान्यानेच बरीचशी पुरी केलेली असते. स्वस्त यंत्रात ते काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात येते. ज्याला हे काम आवडते त्याच्यासाठी यंत्र स्वस्त आहे. ज्याला आवडत नाही त्याला ते फुकट मिळाले तरी महाग पडेल.

दुसरे मत, मायक्रॉनच्या मोहात पडू नये. सुतार सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरहून किंचित जास्त. ‘अर्धा सूत’ ही त्याची नेहमीची भाषा, आणि ‘पाव सूत’ म्हणजे अगदी काटेकोर काम. मला हे सुरुवातीला गावठी वाटायचे. मग पहिला पावसाळा आला. एप्रिलमध्ये केलेली फूटभर रुंद सागाची फळी ऑगस्टमध्ये दोन मिलीमीटर फुगलेली निघाली. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि आडव्या अंगाने वाढते. उन्हाळ्यात पुन्हा आकसते. जी वस्तू स्वतःच दोन मिलीमीटर श्वास घेते तिला मायक्रॉनमध्ये मोजणे हा अचूकपणा नव्हे, अज्ञान आहे. कोपऱ्यांचे कोन काटेकोर हवेत, जोड घट्ट हवेत. पण फळीच्या रुंदीला श्वासापुरती जागा हवी. कुठे काटेकोर राहायचे आणि कुठे सैल सोडायचे हे ज्याला कळते, तो खरा अचूक.

मोलाचे काय? त्याचाही हिशेब मी ठेवला आहे. सवय जात नाही. तीन वर्षांत चौदा चौकटी, दोन चौरंग, नातीचे बाहुलीघर, मसाल्याच्या बरण्यांचे फडताळ, देव्हाऱ्याची नवी पाठ आणि सोसायटीतल्या निम्म्या खिडक्यांच्या पट्ट्या. बाजारभावाने किंमत धरली तर यंत्राचे पैसे अजून फिटलेले नाहीत. फिटतील असे सांगून मी कुणाला फसवणार नाही. वर्षातून दोनदा फळी कापायची असेल तर हे यंत्र घेऊ नये. हातकरवत पुष्कळ झाली. प्लायवूडची आठ बाय चार फुटांची अखंड शीट कापायची असेल तरीही घेऊ नये. एकोणीस मिलीमीटरच्या शीटचे वजन तीस-पस्तीस किलो भरते. ती एवढ्याशा टेबलावर तोलणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. ती दुकानातच कापून आणावी. पण ज्याच्या हाताला आठवड्याला काही ना काही लहान, नेटके काम हवे असते, आणि जो शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेनंतरच मोटर चालू करतो, त्याने जरूर घ्यावे.

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून हातकामाला अजूनही दुय्यम मानतात. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिचे पुढे आमच्या शाळांत जे झाले ते ‘कार्यानुभवा’च्या तासाला गणिताचे सर येत असत, यावरून समजावे. नात बाहुलीघराची भिंत मोजताना अपूर्णांक शिकली. ते तिला पुस्तकात आलेले होते, कळलेले नव्हते. साडेएकवीस हजारांतले काही पैसे मी तिथे जमा धरतो.

आणि आता तिसरे मत. लेख लिहायला बसलो तो खरे तर याच्यासाठी.

यंत्रासोबत दोन वस्तू आल्या होत्या. एक, पात्यावर बसणारे पारदर्शक झाकण. दुसरी, पात्याच्या मागे उभी राहणारी पोलादी पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. कापलेली फट पात्यामागे मिटू नये एवढेच तिचे काम. पहिल्या आठवड्यात मी दोन्ही काढून ठेवल्या, कारण काप नीट दिसत नव्हता. एका संध्याकाळी कापता कापता फट मिटली आणि पात्याच्या मागच्या, वर उसळणाऱ्या दातांनी पट्टी पकडली. पुढे काय झाले ते दिसलेच नाही. आवाज आला. पट्टी माझ्या कमरेजवळून गेली आणि मागची तुळशीची कुंडी फुटली. माझ्या यंत्राच्या पात्याची कड ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने फिरते. त्या वेगाने आलेले लाकूड माणसाला विचारत नाही, की तुम्ही छंद म्हणून करता की धंदा म्हणून. सौ. काही बोलली नाही. तिने फक्त माती गोळा केली. त्या दिवसापासून दोन्ही वस्तू जागेवर आहेत आणि बोटांऐवजी लाकूड ढकलायला एक खाचेची काठी आहे.

ही गोष्ट मी मिस्त्रींना सांगितली. त्यांनी डावा हात पुढे केला. तर्जनीचे पहिले पेर नव्हते. ‘‘पंधरा वर्षं झाली. ठाण्याला काम होतं. पार्टी घाईत होती.’’ पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, म्हणजे तुम्ही-आम्ही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये ते ज्याच्यावर काम करत होते ते यंत्र मी मग जाऊन पाहिले. तुम्हीही पाहिलेले आहे. फरशी कापायचा चार इंची मार्बल कटर उलटा करून प्लायच्या फळीखाली स्क्रूने आवळलेला. फळीच्या फटीतून पाते वर आलेले. बटण दाबून अडकवून ठेवलेले. झाकण नाही, मागची पट्टी नाही. गाईड म्हणजे दोन खिळ्यांनी ठोकलेली एक रीप. असा कटर मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतो. चार इंची पात्याच्या कडेचा वेग त्यामुळे ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो, माझ्या यंत्राच्या दुपटीहून जास्त. हे हत्यार हातात धरून, पाते खाली ठेवून वापरायला बनवलेले आहे. त्याला उलटे टांगून, त्यावर दिवसाला आठ-दहा तास आपली स्वयंपाकघरे, आपली कपाटे, आपले देव्हारे कापले जातात. आणि त्या टेबलावर मिस्त्री अर्ध्या सुतात काम बसवतात.

अमेरिकेत टेबल सॉवरच्या जखमांसाठी दरवर्षी तीस हजारांच्या आसपास लोक इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जातात. तिथे स्टीव्ह गास या पेटंटच्या वकिलाने, जो मुळात भौतिकशास्त्राचा डॉक्टरेट होता, १९९९ साली एक युक्ती काढली. त्वचेतून वीज वाहते, कोरड्या लाकडातून जवळजवळ वाहत नाही. पात्याला बोट लागले की तो फरक ओळखून ब्रेक पात्यात घुसतो आणि पाते पाचएक हजारांश सेकंदात थांबते. २००४पासून अशी यंत्रे बाजारात आहेत. ती महाग आहेत आणि आपल्या मिस्त्रींच्या हातात ती उद्या येतील असे मी म्हणत नाही. पण झाकण, मागची पट्टी आणि ढकलायची काठी यांना कुठलेही पेटंट आड येत नाही. काठी तर टाकाऊ प्लायमधून दहा मिनिटांत होते.

ती का होत नाही? मिस्त्रींनी सांगितलेले कारण मला अजून टोचते. ‘‘काका, काम संपल्यावर पार्टी पट्टी घेऊन सनमायकाची फट मोजते. मशीनकडं कोण बघतं?’’ खरे आहे. मी स्वतः आयुष्यभर फटी मोजत आलो. आपल्या घरात, आपल्या फरशीवर, आपल्या घाईसाठी एक माणूस उघड्या पात्यावर हात फिरवत असतो आणि आपण त्याला विचारतो ते एवढेच, की दिवाळीच्या आत होईल ना?

काहीजण म्हणतील, तो त्याचा धंदा आहे, त्याला कळते. कळतेच, माझ्याहून शंभरपट कळते. पण दिवसाच्या हिशेबात पैसे मिळणारा माणूस झाकण बसवायला वेळ खर्च करील तो तेव्हाच, जेव्हा त्या वेळेचे पैसे द्यायला पार्टी तयार असेल. कौशल्य त्याचे आहे. घाई आपली आहे.

यंदा आमच्याकडे स्वयंपाकघराचे काम काढले. बोलावले अर्थातच त्याच मिस्त्रींना. दर ठरताना मी दोन गोष्टी मांडल्या. मुदत आठ दिवसांनी जास्त घ्या, आणि माझ्या घरात उलटा कटर चालणार नाही. मोठे तुकडे दुकानातून कापून आणू, त्याचे पैसे वेगळे; बारीक पट्ट्यांना माझे यंत्र आहे. ते थोडे संकोचले, मग हसले. ‘‘काका, तुमच्या खेळण्यावर?’’ पहिल्या दिवशी त्यांनी झाकणाला नावे ठेवली. तिसऱ्या दिवशी गाईडपट्टीचे मागचे टोक धरून ठेवणारी एक लाकडी चिमटी त्यांनी स्वतःच बनवून बसवली. जे मला तीन वर्षांत जमले नव्हते ते अर्ध्या तासात झाले. आता पट्टी पुढे-मागे सारखी बसते. मी मोजून पाहिले.

काम बारा दिवस उशिरा संपले. दोन ड्रॉवरांच्या मध्ये पाव सुताचा फरक राहिला आहे. सौ.ने तो पहिल्याच दिवशी पाहिला. मी पट्टी शोधायला उठलो, तर म्हणाली, ‘‘बसा. राहू दे तो.’’

मिस्त्री हिशेब घेऊन निघाले तेव्हा तिने त्यांच्या हातात डबा दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. साडेनऊ बोटे. आली होती तेवढीच.